टर्बोला दम घेऊ दे

मामा, आधी हे ऐक, गाडी चालू आहे. तू पहिलं तेच विचारलं असतंस म्हणून पहिलं तेच सांगितलं. काल भरलेली पिंपं घेऊन सूर्यमाळचा चढ चढली. काळा धूर नाही, पाणी उकळलं नाही, आणि शीळ तीच, तुझ्या पुढच्या दोन दातांच्या फटीतून यायची तशी बारीक.

तू कसा गेलास, डॉक्टर काय म्हणाले, ते मी लिहिणार नाही. ते सांगून सांगून मामीचा घसा बसलाय. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू मधूनच उठून गेलास, जेवताना हरायला लागलास की ताट उचलून चुलीपाशी जाऊन बसायचास तसा. आणि पैज आठवते ना? तूच लावली होतीस, तोंडात नागलीच्या भाकरीचा घास असताना. "इंजिन आधी जातं का मी आधी जातो, बघू. मी आधी गेलो तं मी जिंकलो." मी म्हटलं, ही काय पैज झाली. तू म्हणालास, इंजिनेर लोकांना पैज कळत नाही.

मी तेव्हा नाशिकला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते आणि तू तेव्हापासून मला इंजिनेर म्हणायचास. नावाने हाक मारायचास ती फक्त माझी आई जवळ असली की.

हे वाचणाऱ्या सगळ्यांनी तुझी गाडी पाहिलेली नाही, म्हणून थोडं त्यांना सांगते, तू पण ऐक. तुझी जीप जव्हार, मोखाडा, सूर्यमाळ अशी चालायची. साधं डिझेल इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही. मोखाड्यापर्यंत राणीसारखी यायची आणि सूर्यमाळच्या शेवटच्या वळणावर रडायला लागायची. तिथं तू ब्रेक दाबायचास आणि फक्त मागं वळून बघायचास. सगळे गपचूप उतरायचे, चढ चालत चढायचे आणि वर जाऊन परत बसायचे. जानकीबाय, तुझ्या शेजारच्या पाड्यावरची, तिचं तोंड तर तुला माहीतच आहे. ती दर खेपेला तेच म्हणायची, "भाडं आम्ही द्यायचं आन् चालायचं पण आम्हीच. पुढच्या बाजाराला गाडी डोक्यावर घेऊन चढू का रे?"

हसण्यावारी जायचं सगळं, पण मे महिन्यात जायचं नाही. मेमध्ये वरच्या झऱ्यांना पाणी नसतं आणि तू चढाच्या खालच्या विहिरीवरून पिंपं भरून न्यायचास. माणसं उतरून चालतात, पिंप कसं उतरणार? म्हणून पिंपं अर्धीच भरायची, वर रिकामी करायची, परत यायचं. तोवर विहिरीचा तळ दिसायला लागलेला असायचा आणि दुसऱ्या पाड्यांच्या बायका हंडे घेऊन बसलेल्या असायच्या. एका खेपेत भरलेली पिंपं वर गेली पाहिजेत, एवढंच तुला हवं होतं. बाकी सगळं, शीळ, ऐट, बॉनेटवरची अक्षरं, ते नंतरचं. (खोटं बोलते. अक्षरं आधीची.)

ती शीळ तू पहिल्यांदा ऐकलीस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसले होते. शिरपामाळच्या चढाला कोणातरी फिरायला आलेल्यांची नवी कोरी गाडी आपल्याला मागे टाकून गेली, भरलेली, आणि जाताना शीळ घालत गेली. तू गाडी बाजूला घेतलीस.

"ती शीळ का घालते?"

"टर्बो आहे तिला. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्या बाजूनं इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून जोर जास्त."

तू आपल्या सायलेन्सरकडे बघितलंस. "म्हणजे आपण जो धूर फुकट सोडतो त्यात पण जोर आहे?"

झालं. त्यानंतर तू मला झोपू दिलं नाहीस. नाशिकच्या भंगारात आपण दोघं किती वेळा गेलो, आणि शेवटी ते सापडलं, तुझ्या इंजिनाचंच भावंड, टर्बोवालं. ब्लॉकला तडा गेलेला, पिस्टन भाजलेले, पण टर्बो, त्याला धूर पोचवणारा मॅनिफोल्ड, तेलाच्या नळ्या सगळं धड. तू तो टर्बो एसटीत मांडीवर घेऊन आलास. कंडक्टरने विचारलं हे काय आहे, तर म्हणालास, गोगलगाय. आणि मी सुट्टी घेऊन सूर्यमाळला पोचेपर्यंत तू जव्हारच्या पेंटरकडून बॉनेटवर लाल अक्षरात 'टर्बो' रंगवून आणलं होतंस. टर्बो घरात पोत्यावर पडलेला, इंजिन अंगणात मोहाखाली उघडं पडलेलं आणि बॉनेट आधीच मोठेपणा सांगतंय.

मग तिथं, मोहाखाली, आपलं ते भांडण सुरू झालं.

मी म्हणत होते की टर्बो बसवायचा तर टर्बोचेच पिस्टन आणू, नवे. ते वेगळे असतात. डोक्यावरची वाटी मोठी असते म्हणून आतला दाब आवरतो, आणि खालून त्यांच्यावर तेलाची फवार बसते म्हणून ते थंड राहतात. तुझ्या इंजिनात ती फवार नाहीच. साध्या इंजिनाचे पिस्टन टर्बोखाली घातले तर वितळतील.

तू डिझेलनं धुतलेला एक पिस्टन हातात घेऊन फडक्यानं पुसत होतास. "साधे म्हणजे काय? आम्ही पण साधेच. मे महिन्यात आम्ही वितळलो का?"

"मामा, माणूस वेगळा, पिस्टन वेगळा."

"दोघं वर-खाली वर-खाली करतात आन् घाम गाळतात. काय वेगळं?"

"तू मस्करी करतोयस."

"मस्करी नाय. ह्यांनी माझी वरात आणली. आज टर्बो आला म्हणून ह्यांना हाकलू?"

तेवढ्यात चुलीजवळून मामी, "वरात शेवटच्या वळणाला उतरून चालत आली होती, ते पण सांग तिला. मी नवरी, मी पण चालले."

तू हसून हसून पिस्टन पाडला असतास. पण ऐकलं नाहीस. पिस्टन जुने, रिंगा नव्या पण साध्याच, आणि वरून हेडचं गॅस्केटपण, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालची दाब आणि पाणी अडवणारी पट्टी, साध्या इंजिनाचंच टाकलंस, कारण ते तुझ्याकडे नवंकोरं पडून होतं. मी रागानं पाना आपटला आणि मग तोच पाना उचलून तुझ्याबरोबर मॅनिफोल्ड आवळायला बसले. राग वेगळा आणि मॅनिफोल्ड वेगळा.

पहिली खेप. देवा. पिंपं काठोकाठ, बायका पिंपांच्या मधे पाय दुमडून बसलेल्या, जानकीबाय पुढे. शेवटचं वळण आलं आणि सवयीनं सगळ्यांचे हात दाराकडे गेले. तू म्हणालास, "कोणी उतरायचं नाय." आणि गाडी चढली. शीळ घालत चढली, आणि आत कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मला वाटलं आता आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार. वळण संपलं आणि पुढच्या चढावर बॉनेटमधून पांढरी वाफ. 'टर्बो' ही अक्षरं वाफेत दिसेनाशी झाली.

गॅस्केट गेलं होतं. रेडिएटर रिकामा. वर पाडा दिसतोय आणि गाडी जागेवर. मग काय, जानकीबायच्याच पिंपातून तांब्या-तांब्या पाणी काढून रेडिएटरमध्ये ओतायचं, चार पावलं जायचं, परत ओतायचं. जानकीबाय पिंपावर हात ठेवून बसली होती.

"आमचं पाणी वर न्यायला गाडी आणली, का गाडीला पाणी पाजायला आम्हाला आणलं?"

"थोडंच घेतो मावशे."

"पी बाई, पी. लेकुरवाळी दिसतीस." हे गाडीला.

वर पोचलो तेव्हा तिचं पिंप अर्धं झालेलं. पुन्हा अर्धंच. तू त्या दिवशी जेवला नाहीस. दोन दिवसांनी बघते तर तू नाशिकहून टर्बोचं स्टीलवालं गॅस्केट घेऊन आलेला. माझ्यासमोर ठेवलंस. "गॅस्केट तुझं. पिस्टन माझे." तडजोड म्हणजे ही.

मग मी पण दोन अटी घातल्या, कारण आता तू जरा नरम होतास.

पहिली अट पंपाच्या स्क्रूची. डिझेल पंपावर एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की डिझेल जास्त जातं, जोर वाढतो आणि आग पण वाढते. जुने पिस्टन टिकायचे तर आग आटोक्यात पाहिजे. मी तो स्क्रू बेतानं बसवला, नट आवळला आणि मामीच्या लाल नेलपॉलिशनं स्क्रूवरून नटावर अशी एक आडवी रेघ ओढली. स्क्रू हलला की रेघ तुटणार. तू म्हणालास, "इंजिनाला नटवतेस?" मी म्हटलं, शपथ घे. तू घेतलीस. हात मागे होता, बोटात बोट अडकवलं होतंस का ते दिसलं नाही, ती गोष्ट वेगळी.

दुसरी अट जास्त अवघड होती. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. टर्बो तेव्हा लालबुंद तापलेला असतो आणि तेलाच्या पातळ थरावर गरागरा फिरत असतो. इंजिन बंद केलं की तेल बंद, मग असलेलं तेल आतच करपतं आणि टर्बो खलास. थोडा वेळ इंजिन नुसतं चालू ठेवून थंड होऊ द्यायचं. पण तू घाटातला ड्रायव्हर. तुम्ही सगळे उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे, सपाटीला थांबायच्या आधीच चावी फिरवणारे. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे तुझ्या दृष्टीनं भरलेल्या पिंपाला भोक ठेवणं. माणसं उतरायला लागली की तुझा हात आपोआप चावीवर जायचा. मी किती वेळा तुझ्या हातावर चापट मारली असेल.

शेवटी जानकीबायनंच सोडवलं. एकदा वर पोचल्यावर ती उतरलीच नाही. मागच्यांनाही म्हणाली, "बसा खाली. आपण उतरलो की हा चावी फिरवतो. टर्बोला दम घेऊ दे. तोवर ऐका, माझ्या सुनेनं काल काय केलं." आणि सुनेचं ऐकेपर्यंत टर्बो थंड झाला.

बस, तिथून ती रीतच पडली. चढ चढून गाडी तुझ्या अंगणासमोर उभी राहायची, इंजिन चालू, सगळे बसलेले, आणि एकजण काहीतरी सांगायचा. एकच गोष्ट. सांगून झाली की तू इंजिन बंद करायचास, मग उतरायचं. त्या दमात कोणाकोणाची लग्नं जमली, दोन भावांचा बांधाचा अबोला सुटला, कोणाची म्हैस व्याली ते कळलं. एकदा शाळेवर नवे आलेले मास्तर गाडी थांबल्याबरोबर उतरले तर सगळी गाडी त्यांच्यावर ओरडली, "ओ मास्तर, बसा, दम चाललाय." बिचारे घाबरून परत आत येऊन बसले, आणि मग त्यांनाच गोष्ट सांगायला लावली. दाभोशाला माझे पप्पा शिकवतात त्या शाळेत पण ही गोष्ट पोचली. तुला सगळे टर्बोमामा म्हणायला लागले, तुझ्याहून मोठी माणसंसुद्धा.

आणि तू मला फोन करायचास. त्या मोठ्या कातळावर चढून, जिथं मोबाईलला रेंज यायची.

"इंजिनेर, एक सांगू? स्क्रू जरा फिरवला. गाडी उडते नुसती."

"मामा, पिस्टन वितळतील."

"वितळू दे. तुझे नाय, माझे आहेत."

मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून तुझ्यावर ओरडायचे आणि पलीकडून तू कातळावर बसून हसायचास, वारा आणि तुझं हसणं एकत्र ऐकू यायचं. खरं काय ते कधी सांगितलं नाहीस. सुट्टीत आले की मी बॉनेट उघडायला जायचे आणि तू बॉनेटवर चढून बसायचास. "मामावर विश्वास नाय?" अरे, नव्हताच. मी दर उन्हाळ्यात ठरवून यायचे की यंदा पिस्टन बदलायचेच, आणि दर उन्हाळ्यात तू त्या लाल अक्षरांवर मांडी घालून बसलेला असायचास, आणि गाडी, माझ्या सगळ्या पुस्तकांच्या नाकावर टिच्चून, पाणी आणत राहायची.

मग तू गेलास आणि तुला जव्हारहून घरी आणायचं होतं. मामी म्हणाली, त्याच्या गाडीतून न्यायचं, आणि चावी माझ्या हातात दिली. घाटात तू मला कधी स्टिअरिंग दिलं नव्हतंस, दरवेळी "पुढच्या वेळी" म्हणायचास. ती पुढची वेळ ही असेल असं वाटलं नव्हतं. मागे तू, मामी, पाड्यावरची माणसं. शेवटच्या वळणाला मी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर घेतली, तू घ्यायचास तिथंच, त्या वाकड्या सागापाशी. कोणी उतरलं नाही. शीळ घालत वर आलो, अंगणासमोर थांबले, लोक तुला घ्यायला उभेच होते, आणि माझा हात चावीवर गेला. मागून जानकीबाय एवढंच म्हणाली, "थांब."

मग आम्ही सगळे बसून राहिलो. बाहेरचेही जिथल्या तिथं उभे राहिले. इतक्या वर्षांत तेवढा एकच दम असा गेला की कोणी काही सांगितलं नाही. नुसतं इंजिन चालू. मला वाटत होतं, आता तू मागून म्हणशील, कोणीतरी बोला रे, डिझेल जळतंय.

हे रडायचं झालं. आता पुढचं ऐक, पुढचं तुझ्या फजितीचं आहे.

गेल्या आठवड्यात मी परत आले. मामीनं ठरवलंय गाडी विकायची नाही. "मे तोंडावर आहे, पाणी कोण आणणार?" म्हणते. तिला मी सपाटीवर गाडी शिकवतेय, क्लच सोडताना सगळ्या देवांची नावं घेते. पण मला वाटलं, चालवणारी नवी आहे, आता तरी पिस्टन बदलून टाकू. या वेळी बॉनेटवर बसायला तू नव्हतास. बॉनेट उघडायला मला कोणी अडवलं नाही आणि खरं सांगू, तेच जास्त वाईट वाटलं.

पंपावर तेल-धुळीचा जाड थर. मी डिझेलचं फडकं घेऊन पुसायला लागले. स्क्रू दिसला. आणि मामा, त्याच्यावर रेघ होती, पण ती गुलाबी होती.

मी लाल लावली होती. नखानं खरवडून बघितलं तर खाली लाल, तुटलेली आणि परत जुळवलेली, अगदी केसाएवढी चुकलेली. वर गुलाबी.

मी मामीला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"अगं, ती माझी गुलाबी बाटली. पुतणीच्या लग्नाला आणलेली, एकदाच लावली. मला म्हणाला उंदरानं नेली."

मग तिनं सगळं सांगितलं. एका उन्हाळ्यात तू खरंच स्क्रू फिरवला होतास. गाडी पळाली, पण वळणावर इंजिन असं वाजायला लागलं की तव्यात फुटाणे टाकल्यासारखं. तू वर आलास तो तोंड एवढंसं करून. जेवायच्या आधी चष्मा लावून पंपापाशी बसलास आणि रेघेला रेघ जुळवत स्क्रू परत होता तिथं आणलास. लाल बाटली संपलेली, म्हणून गुलाबी. आणि मामीला शपथ घातलीस, "त्या इंजिनेरला कळलं तं माझं काय खरं नाय. ती बरोबर होती हे तिला कळता कामा नये, डोक्यावर बसेल."

म्हणजे तू कातळावरून फोन करायचास, स्क्रू जरा फिरवला, गाडी उडते, तेव्हा स्क्रू माझ्या रेघेवर होता. आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की हे पिस्टन वर्षभरसुद्धा टिकणार नाहीत, तेव्हा ते पाणी आणत होते. आता तूच सांग, जिंकलं कोण? मी त्या दिवशी इंजिन चालू करून तेलाची टोपी उघडून बघितली, पिस्टन गेले की तिथून येतो तो धूर नाही. आवाज ऐकला, साफ. पिस्टन बदलत नाहीये, मामा. राहू देत तुझे. आणि गुलाबीवर मी काही लावलं नाही.

काल पाण्याची पहिली खेप केली. मी चालवत होते, मामी शेजारी बसून माझे पाय बघत होती. पिंपं काठोकाठ. वळण चढलो, अंगणासमोर थांबलो, इंजिन चालू ठेवलं. मागे सगळे गप्प. मला भीती वाटली की आता हे असंच होणार, गप्प बसायची रीत पडणार.

जानकीबाय म्हणाली, "कोण सांगतंय आज?"

मग मीच मागे वळून सांगायला लागले. रेघ, शपथ, फुटाणे, चष्मा, उंदीर. मी पुरं सांगायच्या आधीच जानकीबाय म्हणाली, "म्हणजे ह्याला नेलपॉलिश लावता येत होतं आन् आम्हाला पत्ता नाय?" आणि गाडी हसायला लागली. पिंपांतलं पाणी हिंदकळून बायकांच्या अंगावर उडत होतं तरी कोणी पिंप धरलं नाही. मामी इतकी हसली की तिला उचकी लागली.

मग मी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. पण टर्बो लगेच थांबत नाही, तुला माहीतच आहे, इंजिन गेल्यावरही तो थोडा वेळ आपला आपण फिरत राहतो, बारीक शीळ घालत. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत कोणी उतरलं नाही.